बिजासनची धावपट्टी आणि कॉबमची नळी

इंदूरच्या विमानतळाचा इतिहास जिथे जिथे छापला जातो, तिथे एक वाक्य हमखास असतं. 1935 साली इंदूर संस्थानानं विमानतळाची जागा निवडण्यासाठी टाटांची, म्हणजे नेव्हिल व्हिन्सेंट यांची मदत घेतली आणि बिजासनची जागा मुक्रर झाली. पुढचं वाक्य एकदम तेरा वर्षं ओलांडतं: जुलै 1948 मध्ये इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. एप्रिल 1950 मध्ये विमानतळ केंद्र सरकारच्या ताब्यात गेला. संपला इतिहास.

तेव्हा इंदूरच्या गादीवर यशवंतराव होळकर दुसरे होते. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा नव्या धाटणीत बांधून घेणारे हेच महाराज. त्यामुळे विमानतळही त्याच हौसेतला, राजवाड्याच्या जोडीला आणखी एक आधुनिक दागिना, असं समजून पुढे जाणं सोपं आहे. पण त्या वाक्यातल्या एका नावापाशी थांबायला हवं. जागा पाहायला आलेला माणूस हौशी विमानं विकणारा नव्हता. हिंदुस्थानात विमानाच्या टाकीत पेट्रोल कुठे आणि किती अंतरावर भरायचं, हे ठरवण्यात ज्यानं उमेदीची वर्षं घातली होती, तो हा माणूस होता. म्हणून बिजासनची नोंद एकटी न वाचता तिच्या शेजारी त्याच सुमाराच्या आणखी दोन नोंदी ठेवू. एक आहे 15 ऑक्टोबर 1932 ची, दुसरी 22 सप्टेंबर 1934 ची. तिन्ही नोंदींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: टाकी रिकामी व्हायला आली की पुढे काय?

पहिली नोंद बहुतेकांच्या ओळखीची आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी मुंबईला जुहूला उतरले. सोबत टपालाची थैली होती. जुहूहून पुढे टपाल नेण्याचं काम व्हिन्सेंट यांचं. ते बळ्ळारीला मुक्काम करून मद्रासला पोचले. व्हिन्सेंट ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक. हिंदुस्थानात टपालाची विमानसेवा चालवता येईल, ही योजना त्यांनीच टाटांपुढे मांडली होती.

या उड्डाणातला अहमदाबादचा थांबा जवळून पाहण्यासारखा आहे. विमान उतरलं तेव्हा त्याच्यासाठी पेट्रोल आलं होतं ते बैलगाडीतून, बर्मा शेल कंपनीच्या चार गॅलनच्या डब्यांमधून. चार गॅलन म्हणजे साधारण अठरा लिटर. चौकोनी पत्र्याचा रॉकेलचा डबा ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना हे माप डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. एकेक डबा उचलायचा, फोडायचा, टाकीत ओतायचा. हिंदुस्थानातल्या नियमित विमानसेवेचा पहिला पल्ला असा बैलगाडीच्या चाकावर उभा होता.

पहिल्या वर्षाचा हिशेबही उपलब्ध आहे: 1,60,000 मैल उड्डाण, 155 प्रवासी, 10.71 टन टपाल. हे आकडे विमानाचे म्हणून सांगितले जातात, पण ते तितकेच जमिनीचेही आहेत. जुहूचं मैदान मातीचं. पावसाळ्यात तिथे चिखल आणि भरतीचं पाणी. मग सगळा संसार, म्हणजे मोजकी विमानं, मोजके वैमानिक आणि मोजके मेकॅनिक, उचलून पुण्याला जायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर थाटला जायचा. ही हकिकत पुढे जेआरडींनीच सांगितली आहे. उतरायला कोरडी जागा आणि तिथे पेट्रोल, एवढ्या दोन गोष्टींवर मार्ग चालतो हे व्हिन्सेंट यांना दर पावसाळ्यात नव्यानं शिकायला मिळत होतं.

व्हिन्सेंट यांचं उत्तर हे असं होतं. पल्ला वाढवायचा तर वाटेत जागा वाढवा.

दुसरं उत्तर त्याच काळात इंग्लंडमध्ये तयार होत होतं, आणि त्याचं तोंडही हिंदुस्थानकडेच होतं.

इंग्लिश वैमानिक सर अ‍ॅलन कॉबम यांना इथली वाट पाठ होती. 1924-25 मध्ये ते लंडनहून रंगूनपर्यंत जाऊन आले, 1926 मध्ये ऑस्ट्रेलियाला जाऊन परतले आणि थेट लंडनमध्ये टेम्स नदीवर उतरले. उतरा, पेट्रोल भरा, पुन्हा उडा, ही यातायात त्यांनी शेकडो वेळा केली होती. 30 मार्च 1929 पासून इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली, तिलाही सात दिवस लागत. मधल्या थांब्यांनीच प्रवास खाल्लेला.

कॉबम यांच्या डोक्यात एक साधं गणित होतं. विमानाला सगळ्यात जड काम असतं ते जमिनीवरून उठण्याचं. एकदा वर गेलं की ज्या वजनासह ते उठू शकलं नसतं, ते वजन घेऊन ते आरामात उडू शकतं. मग जमिनीवरून हलकं उठावं आणि पेट्रोल वर घ्यावं. कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. 27 जून 1923 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या आकाशात लेफ्टनंट लोवेल स्मिथ आणि जॉन रिश्टर यांनी वरच्या विमानातून सोडलेली नळी हातानं पकडून पेट्रोल घेतलं होतं. 1929 च्या जानेवारीत ‘क्वेश्चन मार्क’ नावाचं अमेरिकी लष्करी विमान याच पद्धतीनं 150 तासांहून जास्त वेळ हवेत राहिलं. पण ही विमानं एकाच जागेवर घिरट्या घालत होती. कॉबम यांना कुठेतरी पोचायचं होतं, आणि त्यांनी निवडलेलं ठिकाण होतं कराची. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे हे उड्डाण कागदोपत्री मुंबई इलाख्यात उतरणार होतं.

विमान होतं एअरस्पीड कंपनीचं ‘कुरियर’, नोंदणी जी-एबीएक्सएन. सोबतीला स्क्वॉड्रन लीडर विल्यम हेल्मोर. हेल्मोर यांचं काम काय होतं ते ऐकलं तर आज हसू येतं. पेट्रोल देणारं विमान वर, कुरियर खाली आणि जरा मागे. वरून वजन बांधलेली दोरी सोडली जायची. हेल्मोर कुरियरच्या छतातल्या झडपेतून अर्धे बाहेर उभे. वारा तोंडावर. सरावाच्या दिवसांत त्यांच्या हातात आकड्याची काठी असायची. कैरी पाडताना फांदी ओढतो तशी दोरी त्या काठीनं ओढायची, मग दोरीमागून येणारी रबरी नळी आत घ्यायची आणि टाकीच्या तोंडात खुपसायची. पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली येणार. खाली विमान चालवणाऱ्यानं एवढंच करायचं की दोन्ही विमानांमधलं अंतर बदलू द्यायचं नाही.

22 सप्टेंबर 1934 रोजी कुरियर पोर्ट्‌समथहून निघालं. इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच हँडली पेज डब्ल्यू-10 या जुन्या प्रवासी विमानानं, नोंदणी जी-ईबीएमएम, त्याची टाकी भरून दिली. दुसरं डब्ल्यू-10 माल्टाला तयार होतं. कुरियर माल्टापर्यंत पोचलं. तिथे थ्रॉटलची जोडणी सुटली. कारण एक छोटी खीळ, जिला मेकॅनिक स्प्लिट पिन म्हणतात, ती जागेवर नव्हती. इंजिनावरचा ताबा गेला आणि कॉबम यांनी चाकं न उघडताच हाल फारच्या धावपट्टीवर विमान टेकवलं. दोघेही वाचले. पण तिकडे इंग्लंडमध्ये, पेट्रोल देण्याचं काम उरकून परत निघालेलं जी-ईबीएमएम त्याच दिवशी अ‍ॅस्टन क्लिंटन गावाजवळ कोसळलं. शेपटीच्या आधाराचा एक बोल्ट निकामी झाला होता. आतले चौघेही गेले.

या दोन अपघातांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते. कॉबम यांची पद्धत त्या दिवशी फसलीच नाही. दोरी पकडली गेली, नळी जोडली गेली, पेट्रोल उतरलं. फसली ती एक खीळ आणि एक बोल्ट, दोन्ही जमिनीवर तपासायच्या गोष्टी. म्हणूनच कॉबम यांनी त्याच वर्षी या एकाच कामासाठी ‘फ्लाइट रिफ्युएलिंग लिमिटेड’ नावाची कंपनी काढली.

आता बिजासनकडे परत येऊ. कॉबम यांचं उड्डाण माल्टाला संपल्याच्या पुढच्याच वर्षी व्हिन्सेंट इंदूरला जागा पाहत होते. त्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं कोणताही कागद सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पण आकाशातलं उत्तर अजून कच्चं आहे हे त्या वर्षी सगळ्या विमानजगाला माहीत होतं. मुंबईहून दिल्लीला जायचं तर जमिनीचाच आधार घ्यावा लागणार होता. आणि नकाशा पाहिला तर मुंबई ते दिल्ली या ओळीवर सह्याद्री, तापी, सातपुडा, नर्मदा, विंध्य असे एकापाठोपाठ एक अडसर. ते ओलांडून माळव्याच्या पठारावर पहिली मोकळी, सपाट, कोरडी जमीन मिळते ती इंदूरच्या आसपास. मुंबईपासून सरळ रेषेत अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात. त्या काळच्या लहान विमानाला एका दमात झेपणारं.

हे अनुमान कितपत खरं, ते मधल्या तेरा वर्षांतला एक कागद ठरवतो. टाटा एअरलाइन्सनं नोव्हेंबर 1937 मध्ये मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली. वेळापत्रकातला मार्ग असा: मुंबई, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. होळकर, भोपाळचे नवाब आणि शिंदे, अशा तीन संस्थानांच्या धावपट्ट्या माळेतल्या मण्यांसारख्या एका ओळीत. म्हणजे 1948 ची नोंद ‘पहिल्या’ सेवेची असू शकत नाही. दोन्ही नोंदी खऱ्या धरायच्या तर एकच अर्थ लागतो: मध्ये महायुद्ध आलं, संस्थानं विलीन झाली, टाटा एअरलाइन्सची 1946 मध्ये एअर इंडिया झाली आणि 1948 ला जे सुरू झालं ते नवं पान होतं. विमानतळाच्या छापील इतिहासानं जुनं पान फाडून टाकलं, एवढंच. इंदूरच्या धावपट्टीचा जन्म हौसेतून झाला असेलही, पण तिचं काम ठरलेलं होतं. दिल्लीच्या वाटेवरची ती एक टाकी होती.

व्हिन्सेंट यांना आपली ही माळ फार काळ पाहता आली नाही. 1942 च्या जानेवारीत ब्रिटनहून हडसन बॉम्बर विमानातून हिंदुस्थानकडे परतताना ते विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसं झालं.

कॉबम यांची नळी मात्र युद्धानंतर जोरात चालू लागली. 1949 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ‘लकी लेडी टू’ या बॉम्बरनं कुठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. 94 तास 1 मिनिट, वाटेत चार वेळा इंधन, आणि सामान कॉबम यांच्या कंपनीचं. पण या पद्धतीत दोरी पकडायला विमानात एक जास्तीचा माणूस लागायचा. बॉम्बरमध्ये दहा माणसं असतात, एखादा हेल्मोर सापडतो. लढाऊ विमानात वैमानिक एकटा. त्यानं एका हातानं विमान आणि दुसऱ्या हातानं काठी धरायची का?

उत्तर कॉबम यांच्याच कंपनीनं त्याच वर्षी काढलं आणि त्यात काम उलटं केलं. आता खालच्यानं दोरी पकडायची नाही. टँकरनं नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपली लावून ती मागे सोडायची आणि मागून येणाऱ्या वैमानिकानं आपल्या विमानाच्या नाकापाशी बसवलेला दांडा त्या टोपलीत घुसवायचा. दांड्याला प्रोब म्हणतात, टोपलीला ड्रोग किंवा बास्केट. 7 ऑगस्ट 1949 रोजी पॅट हॉर्निज यांनी मीटिऑर विमानात एकट्यानं बसून, दहा वेळा इंधन घेत, 12 तास 3 मिनिटं उड्डाण केलं. आज भारतीय हवाई दल वापरतं ती पद्धत हीच.

भारतात मात्र जमिनीचं उत्तर आणखी अर्धशतक पुरलं. पहिले टँकर 2003 मध्ये आले: ताश्कंदच्या कारखान्यात बनलेली इल्युशिन-78 जातीची सहा विमानं. त्यांच्यासाठी आग्र्याला 78 स्क्वॉड्रन उभं राहिलं. पुढच्याच वर्षी अंबाल्याची जॅग्वार विमानं या टँकरांच्या सोबतीनं सरावासाठी अलास्कापर्यंत गेली. 2008 मध्ये पुण्याच्या लोहगावची सुखोई विमानं अमेरिकेतल्या नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ सरावाला गेली, तेव्हाही सोबत हेच टँकर होते. 26 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे बालाकोटकडे गेलेली मिराज विमानं ग्वाल्हेरहून उडाली आणि त्यांच्यासाठी टँकर आग्र्याहून उठला. 1937 च्या वेळापत्रकाकडे पुन्हा पाहा. मुंबई, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. आग्रा त्याच ओळीवर, ग्वाल्हेर आणि दिल्लीच्या मध्ये.

त्याच ओळीवरची एक सकाळ नीट नोंदलेली आहे. 10 सप्टेंबर 2018, साडेनऊचा सुमार. तेजस या लढाऊ विमानाचा एलएसपी-8 हा नमुना, चालवणारे विंग कमांडर सिद्धार्थ सिंग. उंची 20,000 फूट, वेग 270 नॉट, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटर. या वेगानं मुंबईहून इंदूर एका तासात येतं. आधीच्या आठवड्यात कोरडा सराव झाला होता, म्हणजे दांडा टोपलीत घालायचा, जोडणी तपासायची, इंधन न घेता मागे यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा खरं इंधन घ्यायचं होतं.

काम कसं होतं ते सावकाश पाहू. टँकर सरळ रेषेत, एका वेगानं चालतो. त्याच्या मागे नळी लोंबते आणि टोकाला टोपली वाऱ्यात डुलते. तेजस मागून खालच्या अंगानं येतं आणि टोपलीच्या थोडं मागे थांबतं. थांबतं म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरनं जाणाऱ्या टँकरशी वेग इतका तंतोतंत जुळवतं की दोघं एकमेकांना उभेच दिसतात. मग वैमानिक थ्रॉटल केसभर पुढे करतो. टोपलीकडे जाण्याचा वेग माणूस चालतो तेवढाच असावा लागतो. त्याहून कमी झाला तर दांडा आत अडकत नाही, जास्त झाला तर नळीला हिसका बसून ती चाबकासारखी उसळते. अडचण अशी की विमानाच्या नाकापुढची हवा आधी पोचते आणि अगदी शेवटच्या क्षणी टोपली बाजूला ढकलते. तेजसचा दांडा काचेच्या उजव्या अंगाला आहे, म्हणजे वैमानिकाला टोपली डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसते. तिच्याकडे टक लावून पाहिलं की हात तिच्या मागे धावतो आणि विमान हेलकावे घेऊ लागतं. म्हणून मुरलेला वैमानिक टोपलीवर डोळा ठेवत नाही. तो टँकरच्या पंखावरच्या खुणा पकडून ठेवतो आणि टोपली आपसूक दांड्यावर येऊ देतो. सुईत दोरा ओवताना आपण दोऱ्याकडे पाहतो. इथे पाहायचं ते सुई धरणाऱ्या हाताकडे.

जोडणी झाली की इंधन वाहू लागतं आणि नवीनच काम सुरू होतं. तेजस मिनिटागणिक जड होतं, टँकर हलका होतो. आपण काही केलं नाही तर मागचं विमान आपोआप मागे पडू लागतं. त्यामुळे पूर्ण वेळ थोडं थोडं जोर वाढवत राहावं लागतं. पुरेसं इंधन झालं की सरळ मागे यायचं, दांडा सुटतो, टोपली पुन्हा डुलू लागते.

त्या सकाळी 1,900 किलो इंधन तेजसमध्ये उतरलं. अहमदाबादच्या बैलगाडीच्या मापात मोजायचं तर हे होतात सुमारे 130 डबे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे आणि तेजस घडवणारे अभियंते हे सगळं जमिनीवरून क्षणाक्षणाला पाहत होते, ते ग्वाल्हेरच्या नियंत्रण केंद्रात बसून. 1937 मध्ये जिथे विमान पेट्रोलसाठी खाली उतरत होतं, तिथेच 81 वर्षांनी माणसं मान वर करून, म्हणजे पडद्यावर नजर लावून, इंधन वर कसं उतरतं ते पाहत होती.

इथे थांबलं तर गोष्ट गोड होते. पण आणखी एक कागद शिल्लक आहे, आणि तो कॉबम यांच्या त्या खिळीशी जाऊन मिळतो. देशाच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 2017 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात टँकरांच्या ताफ्याचा हिशेब आहे. 2010 ते 2016 या काळात कोणत्याही दिवशी निदान 70 टक्के टँकर उडायला तयार असावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सरासरी निघाली 49 टक्के. सहापैकी साधारण तीन. बाकीचे जमिनीवर, दुरुस्तीच्या प्रतीक्षेत. नवे टँकर घेण्यासाठीची निविदा 2016 मध्ये रद्द झाली. मार्च 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयानं ‘मेट्रिआ’ या खासगी कंपनीकडून एक केसी-135 टँकर भाड्यानं घेण्याचा करार केला. वैमानिकांना टोपलीत दांडा घालण्याचा सराव हवा, आणि सरावासाठी मागे नळी सोडणारं विमान हवं.

म्हणून व्हिन्सेंट आणि कॉबम यांची उत्तरं एकमेकांविरुद्ध मांडण्यात अर्थ नाही. नळीनं इतकंच केलं की थांबा हलता झाला. तो आग्र्याहून उठतो, ठरल्या जागी जाऊन उभा राहतो, आणि ज्याला गरज आहे त्याला भरून देतो. पण त्याची स्वतःची टाकी भरते ती खालीच, धावपट्टीच्या कडेला, आणि ती भरणारी माणसं, तपासणारे मेकॅनिक, जागेवर असलेली किंवा नसलेली एखादी खीळ, सगळं जमिनीवरच असतं.

1935 सालचं ते वाक्य आता पुन्हा वाचता येतं. इंदूर संस्थानानं विमानतळासाठी जागा निवडायला व्हिन्सेंट यांना बोलावलं आणि बिजासनची जागा ठरली. कोरडी, सपाट, आणि मुंबईपासून एका टाकीच्या अंतरावर.